डहाणूची बातमी, मुंबईचा पत्ता

पदवी हातात पडली आणि पत्रकार व्हायचे असेल तर मुंबई गाठावी, हा सल्ला डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना सर्रास दिला जातो. देणाऱ्यांत प्राध्यापक असतात, मुंबईत बस्तान बसवलेले गाववाले असतात, आणि तालुक्यात उभी हयात वार्ताहरकी करून हाती फारसे न लागलेले ज्येष्ठ तर हमखास असतात. सल्ल्याच्या पोटात चार दावे आहेत: पत्रकारिता शिकायला मिळते ती मुंबईत, बातमी घडते ती मुंबईत, पगार मिळतो तो मुंबईत, आणि नाव व संरक्षण मिळते तेही तिथेच. यांतला पगाराचा दावा बऱ्याच अंशी खरा आहे, शिक्षणाचा अर्धामुर्धा, संरक्षणाचा त्याहून कमी, आणि बातमीचा साफ खोटा. पगाराच्या खरेपणावर बाकीचे तिन्ही बिनबोभाट खपून जातात, ही या सल्ल्यातली गोम आहे.

अंतराचा मुद्दा आधी निकालात काढलेला बरा. चर्चगेटपासून डहाणू रोड स्थानक सुमारे १२४ किलोमीटरवर आहे आणि एप्रिल २०१३ पासून पश्चिम रेल्वेची उपनगरी लोकल तिथपर्यंत धावते. तलासरी रुळांपासून आत, पण मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेला लागून आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि पोलीस अधीक्षक ही बातमीची ठाणी आणखी जवळ आली. मंत्रालयात एखाद्याला भेटायचे किंवा उच्च न्यायालयात सुनावणी ऐकायची तर सकाळी निघून रात्री परतता येते. दगदग होतेच, विरारपुढच्या गाड्या मोजक्या, आणि एक चुकली की फलाटावर ताटकळावे लागते. तरी मुंबईला जाणे आणि मुंबईत राहायला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गडचिरोलीच्या मुलाला हा फरक परवडत नाही, डहाणूच्या मुलाला परवडतो. सल्लागार मात्र दोघांना एकच तिकीट काढून देतात.

मुंबईच्या बाजूने पहिला दाखला येतो तो बाळशास्त्री जांभेकरांचा. देवगडकडच्या पोंभुर्ल्याचा हा मुलगा मुंबईत आला नसता तर ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ निघाले नसते, हे कोण नाकारेल? पण तेव्हा छापखाना मुंबईत होता, नवे शिक्षण मुंबईत होते, आणि वृत्तपत्र विकत घेऊन वाचणारेही मुख्यतः तिथेच होते. पाऊण शतकानंतर ही सक्ती उरली नव्हती. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सुरू केलेले ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक साप्ताहिक नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून निघत राहिले, आणि तेही १९६७ पर्यंत. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये ‘सकाळ’ काढला तो पुण्यात खरा, पण त्या पत्राची ताकद गावोगावच्या बातमीदारांच्या जाळ्यात होती. अलीकडचा दाखला हवा तर बुंदेलखंडातला आहे. २००२ मध्ये चित्रकूटहून सुरू झालेले ‘खबर लहरिया’ खेड्यातल्या बायकांनी, त्यातही मोठ्या संख्येने दलित बायकांनी, आधी कागदावर आणि मग मोबाइलवर चालवले. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. यांतल्या कोणीही दिल्ली गाठून मग पत्रकारिता सुरू केली नाही.

आता मुख्य दाव्याकडे. बातमी मुंबईत घडते, तालुक्यात फक्त उद्घाटने आणि अपघात होतात, असे म्हटले जाते. अपघाताचेच घेऊ. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार डहाणू तालुक्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर धडकली आणि त्यांचा मृत्यू झाला. दोन दिवसांत देशभरच्या वाहिन्यांना चारोटीचे नाव पाठ झाले, पुलाच्या तोंडाशी रस्त्याची रचना कशी आहे यावर तज्ज्ञ बोलू लागले, आणि मग आकडे छापून आले: घोडबंदर ते दापचरी या सुमारे शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात त्या वर्षी तोवर २६२ अपघात झाले होते आणि ६२ माणसे दगावली होती. एकट्या चारोटी परिसरात २६. हे आकडे पोलिसांकडचेच होते आणि ते ४ सप्टेंबरला जन्मले नव्हते. बासष्ट मृत्यूंची बेरीज देशाच्या पहिल्या पानावर चढायला एका नामांकित माणसाचा मृत्यू लागला, याचा अर्थ बातमी चारोटीत नव्हती असा होत नाही. ती ओळखून, महिन्यामहिन्याला बेरीज करून मांडणारे कोणी पूर्ण वेळ तिथे नव्हते, असा होतो.

भूकंपाचेही तसेच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी, हळदपाडा परिसराला धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला; त्या दिवशी हळदपाड्यात पळापळीत पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. एक मोठा धक्का आणि मागाहून विरत जाणारे छोटे, असा हा प्रकार नव्हता. लहानमोठे असंख्य धक्के महिनोन् महिने बसत राहिले, आणि असल्या मालिकेत पुढचा धक्का केव्हा व केवढा, हे शास्त्रज्ञांनाही सांगता येत नाही. शहरातल्या डेस्कचे गणित तीव्रतेच्या आकड्यावर चालते: चारच्या वर गेला की ठळक, तीनच्या आत राहिला की एका परिच्छेदात, दोनचा असेल तर कचऱ्यात. धुंदलवाडीच्या माणसाचे गणित निराळे असते. कारवीच्या कुडाचे हलके घर हादऱ्यात डोलते आणि उभे राहते, विटामातीची भिंत मात्र तडकते. मग योजनेतून मिळालेले पक्के घर जास्त धोक्याचे की जुने कुडाचे? तंबूत किती रात्री काढायच्या, आणि पावसाळ्यात तंबूचे काय करायचे? आश्रमशाळेतली मुले वर्गात बसवायची की झाडाखाली? हे प्रश्न आकड्यात मावत नाहीत आणि एका दिवसाच्या फेरीत कळतही नाहीत.

पर्यावरणाची बातमी तर या तालुक्यात एका पिढीला पुरून उरेल एवढी आहे. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. इथे विरोधक एक बोट दाखवू शकतात: ती याचिका बिट्टू सहगल यांच्या नावावर होती, आणि सहगल म्हणजे मुंबईतून निघणाऱ्या ‘सँक्च्युअरी’ मासिकाचे संपादक. बरोबर आहे. पण त्या लढ्याचे रोजचे काम नर्गिस इराणी आणि कितायून रुस्तम यांच्यासारख्या डहाणूतच राहणाऱ्या बायकांनी केले. कोणती झाडे तुटली, कुठे भराव पडला, डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचे काय झाले, ही माहिती चर्चगेटला बसून कोणाच्याही हाती लागली नसती. प्राधिकरणाने या वीजकेंद्राला धुरातले गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश १९९९ मध्ये दिला. ती प्रत्यक्षात बसली २००७ मध्ये. आठ वर्षे चाललेली ही एकच बातमी आहे. तेवढ्या काळात मुंबईतल्या वार्ताहराचे विषय दोन-तीनदा बदलतात आणि बहुधा नोकरीही.

त्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये याच तालुक्याच्या किनाऱ्यावरचे वाढवणचे बंदर नाकारले होते आणि ३१ जुलै २०२३ रोजी त्याच वाढवणला परवानगी दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. पायाभरणीला मुंबई-दिल्लीचे वार्ताहर लोटले, यात नवल नाही. ती बातमी निमंत्रणपत्रिकेसोबतच येते. कठीण बातमी त्याच्या आधीची असते, आणि ती कशी हाती लागते हे जवळून पाहण्याजोगे आहे.

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी हवी असेल तर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत, बारीक टाइपात ती छापून येते. पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात आणि संबंधित स्थानिक संस्थांत पाहायला ठेवायचा असतो; त्याचा सारांश स्थानिक भाषेतही द्यायचा असतो. सुनावणीला किती लोक हजर असावेत याची किमान अट नाही: कोणी फिरकले नाही तरी ती झाली असे धरले जाते. जे बोलले गेले त्याची नोंद करायची, तिथल्या तिथे स्थानिक भाषेत वाचून दाखवायची, चित्रीकरण करायचे, आणि इतिवृत्त नंतर लोकांना पाहायला लावायचे. बातमी या पायऱ्यांत आहे. सूचना नेमकी कोणत्या दैनिकाच्या कोणत्या पानावर आली आणि ते दैनिक वरोर-चिंचणीत येते का? सारांशात मच्छीमारांच्या किती बोटी धरल्या आणि किनाऱ्यावर प्रत्यक्ष किती लागतात? दागिन्यांचे साचे घडवणाऱ्या डायमेकिंगच्या घरगुती कारखान्यांचा त्यात उल्लेख तरी आहे का? इतिवृत्तात जे लिहिले तेच सुनावणीत बोलले गेले का? तीस दिवस त्या अहवालाची पाने उलटत बसायला आणि मग किनाऱ्यावर जाऊन बोटी मोजायला मुंबईचे डेस्क माणूस देत नाही. द्यायचा म्हटला तरी त्याला बोट आणि होडके यांतला फरक विचारून घ्यावा लागतो.

यावर ठरलेले उत्तर येते की बातमी खरोखरच मोठी असली की मुंबईहून वार्ताहर येतोच. तो येतो, आणि आल्यावर काय होते ते गडचिंचले प्रकरणात दिसले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक यांना डहाणू तालुक्यात, दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळच्या या गावात जमावाने ठार मारले. मुले पळवणारी, अवयव काढून नेणारी टोळी फिरते आहे ही अफवा त्याआधी अनेक दिवस पाड्यापाड्यांत पसरली होती; माणसे रात्री काठ्या घेऊन पहारा देत होती. दोनच दिवस आधी त्याच कासा परिसरात मदतकार्यावर असलेल्या एका डॉक्टरच्या गाडीवरही हल्ला झाला होता. म्हणजे बातमी १६ तारखेच्या आधी तिथे होती. ‘कासा भागात अफवेमुळे रात्रीचे पहारे’ ही ती बातमी. ती वेळेवर, ठळक आणि वारली बोलणाऱ्या घरांपर्यंत पोहोचेल अशा रीतीने आली असती तर काय झाले असते, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. मात्र नंतर काय झाले ते सर्वांनी पाहिले. १९ एप्रिलला चित्रफिती देशभर फिरल्या आणि त्याबरोबर घटनेला धर्माचा रंग चढला. जिथे घटना घडली त्या तालुक्याची वस्ती कोणाची, तिथे कोणती भाषा बोलतात, टाळेबंदीत तिथे धान्य पोहोचले होते का, यांतले एकही न विचारता रात्रीच्या चर्चा रंगल्या. अखेर २२ एप्रिलला गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे जाहीर करावे लागले. डहाणू-तलासरीची माहिती असलेल्या माणसाला ही यादी पाहण्याची गरजही नव्हती. तलासरीत तर दर दहातली नऊ माणसे अनुसूचित जमातीची आहेत.

या टापूत अफवेने रक्त सांडण्याची ती पहिली वेळही नव्हती. १९४५ च्या वारली उठावात, १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. उठावाच्या नेत्या गोदावरीबाई परुळेकर यांच्या जिवाला धोका आहे अशी खोटी हूल उठवून त्यांना जमवले गेले आणि पोलिसांना मात्र हा जमाव हिंसेसाठी आला आहे असे कळवले गेले, असे उठावाच्या नेत्यांनी नोंदवून ठेवले आहे. गडचिंचलेच्या वेळी पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा हा संदर्भ ज्याच्या मनात आला असता असा माणूस चर्चेच्या खुर्चीत कुठून असणार? गोदावरीबाई स्वतः पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर, म्हणजे पक्क्या शहरी. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचे पुस्तक उभे राहिले ते त्यांनी पाड्यांवर मुक्काम टाकला, वेठबिगारीत अडकलेल्या माणसांसोबत पायी फिरल्या, म्हणून. ताराबाई मोडकही मुंबई सोडून आधी बोर्डीला गेल्या आणि मग त्यांची संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली. अनुताई वाघांनी तिथूनच बालशिक्षणावर आयुष्यभर लिहिले. बाहेरच्याने इथले लिहू नये असा मुद्दा नाहीच. ज्यांनी या भागाचे टिकाऊ लेखन केले त्यांचा प्रवास विरारकडून डहाणूकडे झाला, इतके सल्लागारांच्या ध्यानात आणून द्यायला हवे.

शिक्षणाचा दावा थोडक्यात आटोपता येतो. मुंबई विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट यांत जे शिकवले जाते ते उपयोगाचे आहे: अब्रुनुकसानीचा कायदा, मजकुराचे संपादन, चित्रीकरण, आकडेवारी वाचणे. शिकायला दोन वर्षे शहरात राहणे म्हणजे शहरात करिअर सुरू करणे नव्हे. शिवाय तालुक्याच्या पत्रकाराची खरी शाळा अभ्यासक्रमाबाहेर आहे. सातबारा आणि फेरफार वाचता येणे, वनहक्क कायद्याखालचा दावा कोणत्या पायरीवर अडला हे ओळखणे, आदिवासी क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखाली ग्रामसभेला कोणते अधिकार आहेत आणि बुलेट ट्रेनच्या भूसंपादनात त्यांचे काय झाले हे समजणे, माहितीच्या अधिकाराचा अर्ज असा लिहिणे की माहिती अधिकाऱ्याला टोलवता येणार नाही. ते तहसील कचेरीच्या व्हरांड्यातच येते.

राहिला पगार, आणि इथे सल्लागारांची बाजू भक्कम आहे. तालुक्याच्या वार्ताहराला सहसा नेमणूकपत्र नसते. ओळखपत्र असते, त्यावर वर्षाची मुदत असते. मानधन म्हणून जे मिळते त्यात दुचाकीचे पेट्रोल सुटले तरी पुष्कळ. कमाई होते ती जाहिरातीच्या कमिशनवर: वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, आणि या सगळ्यांच्या वर पुढाऱ्यांचे वाढदिवस. अर्ध्या पानाची ती जाहिरात सर्वांच्या ओळखीची आहे. मध्यभागी हात जोडलेले साहेब, वर ‘अभीष्टचिंतन’, आणि खाली तीन-चार रांगांत शुभेच्छुकांचे अंगठ्याएवढे फोटो: सरपंच, उपसभापती, शाखाप्रमुख, रस्त्याची कामे घेणारा ठेकेदार. प्रत्येकाकडून वर्गणीसारखा वाटा गोळा करत वार्ताहर पंधरा दिवस फिरतो, आणि काहींचे पैसे नंतर महिनाभर तगादा लावून वसूल करतो. जुलैत त्याच ठेकेदाराचा रस्ता वाहून गेला की बातमी कोणी लिहायची? लिहिली, तर पुढच्या वाढदिवसाला तिसऱ्या रांगेतला फोटो गळतो आणि त्याबरोबर कमिशनही. न लिहिली, तर गावात त्याला पत्रकार कोणी म्हणत नाही. तोंडावर म्हणतात, मागे वेगळेच म्हणतात.

कायदा यात मदत करायला निघतो आणि अर्ध्या वाटेत थांबतो. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ मध्ये झालेल्या कायद्याने, जो आता २०२० च्या कामगार संहितेत सामावला आहे, पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय तो पत्रकार अशी व्याख्या केली. अर्धवेळ वार्ताहरही या व्याख्येत बसू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच स्पष्ट केले. पण मानधनावर घर चालत नाही म्हणून जो विमा एजन्सी घेतो, झेरॉक्सचे दुकान टाकतो किंवा शिकवण्या करतो, त्याला आपला मुख्य व्यवसाय पत्रकारिताच आहे हे सिद्ध करणे जड जाते. वेतन नाही म्हणून दुसरा धंदा, आणि दुसरा धंदा आहे म्हणून वेतनाचा हक्क नाही. मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उचलून धरल्या. त्यांची फळे तालुक्यापर्यंत क्वचितच पोहोचली.

या सगळ्यावरून सल्लागार निष्कर्ष काढतात की म्हणूनच मुंबईला जावे. निष्कर्ष चुकतो. अंक तालुक्यात विकला जातो, ग्रामपंचायतीच्या निविदा आणि पुढाऱ्यांच्या जाहिराती तालुक्यातून येतात, बातमी तालुक्यातला माणूस देतो. फक्त पगारपत्रक मुंबईत लिहिले जाते आणि त्यात त्याचे नाव नसते. हा व्यवहार मालकांनी ठरवलेला आहे. त्याला भूगोलाचा नियम समजून मुलांनी बिऱ्हाड हलवावे हे म्हणणे मालकांच्या पथ्यावर पडते, कारण जाणाऱ्याची जागा घ्यायला बिनपगारी दुसरा तयार असतो. शिवाय मुंबईत नवख्याच्या वाट्याला काय येते तेही पाहावे. काही महिन्यांची फुकट उमेदवारी, नालासोपाऱ्यात चौघांत एक खोली, आणि काम म्हणजे बहुधा वृत्तसंस्थेचा मजकूर मराठीत उतरवणे, तारे-तारकांच्या समाजमाध्यमांवरच्या पोस्टवरून बातम्या रचणे, वाचक टिचकी मारतील असे मथळे देणे. वारली समजणारा, वाढवणच्या भरती-ओहोटीच्या वेळा ठाऊक असणारा, कासा उपजिल्हा रुग्णालयात कोणाला फोन करायचा हे जाणणारा मुलगा तिथे फक्त टंकलेखनाच्या वेगावर मोजला जातो. त्याची सगळी पुंजी विरार ओलांडताच चलनाबाहेर जाते.

नाव आणि संरक्षणाचा दावा ऐकताना ६ फेब्रुवारी २०२३ ची राजापूरची घटना आठवते. बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या संदर्भात बातमी छापून आली त्याच दिवशी पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. प्रकरण खुनाच्या आरोपाखाली न्यायालयात गेले. जमीन आणि प्रकल्प यांवर लिहिणाऱ्या तालुका पत्रकाराचा धोका खरा आहे, आणि वाढवण-तलासरीत जमीन व प्रकल्प हेच मुख्य विषय आहेत. पण शहर ढाल पुरवते हे खरे नव्हे. जे. डे यांच्यावर ११ जून २०११ रोजी भर दुपारी पवईत गोळ्या झाडल्या गेल्या, आणि ते मुंबईतल्या एका इंग्रजी दैनिकातले ज्येष्ठ पत्रकार होते. फरक एवढाच पडतो की मोठ्या संस्थेच्या माणसामागे वकील उभा राहतो आणि तालुक्यातल्या माणसामागे संस्था ओळखही देत नाही. पत्रकारांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला. त्याचा आधार घ्यायचा तर आपण त्या संस्थेसाठी काम करत होतो हे दाखवणारा कागद हाती असावा लागतो, आणि पुन्हा गाडी नेमणूकपत्रापाशी येऊन अडते.

मुंबईला जाण्याची रास्त कारणे आहेतच. क्रिकेट, चित्रपट, शेअर बाजार किंवा मंत्रालयाचे राजकारण यांवर लिहायचे असेल तर डहाणूत बसून भागणार नाही. रात्रीची घटना टिपायला घरचे बाहेर पडू देत नाहीत, बाई वार्ताहर म्हणून पोलीस ठाण्यात कोणी दाद देत नाही, म्हणून एखादी मुलगी शहर जवळ करत असेल, तर ते कारण पुरेसे आहे. फक्त त्याला ‘बातमी तिकडे असते’ असा मुलामा देण्याचे कारण नाही. दोन-तीन वर्षे मोठ्या डेस्कवर काढून, मजकुराची शिस्त अंगी बाणवून परत येणे हाही चांगला मार्ग आहे. परतणाऱ्याने आणि मुळात न गेलेल्याने संस्थेशी बोलताना दोन गोष्टी लेखी मागाव्यात: नेमणूकपत्र, आणि जाहिरात गोळा करण्याचे काम दुसऱ्या माणसाकडे असेल हे कलम. पहिली गोष्ट कधीमधी मिळते. दुसऱ्या मागणीवर आज बहुतेक संस्थांतून हसण्याचा आवाज येतो.